इस्ट्रोजेन : कुणाला, केव्हा आणि किती

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात १९३५ साली एडवर्ड डॉइझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरिणींची चार टन अंडाशयं गोळा केली. ती दळून, गाळून, शुद्ध करत नेल्यावर हाती आले जेमतेम बारा मिलिग्रॅम स्फटिक. चिमूटभर मीठही त्याहून जड भरेल. ते इस्ट्राडिओल होतं, इस्ट्रोजेन गटातलं सर्वांत प्रभावी संप्रेरक. रक्तात ते पिकोग्रॅममध्ये मोजतात आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या रक्तात, महिन्यातला दिवस कोणता यावर, दर मिलिलिटरला साधारण तीस ते चारशे पिकोग्रॅम इस्ट्राडिओल असतं. पाळी गेल्यावर ते वीसच्याही खाली येतं.

इतक्या सूक्ष्म मात्रेवर चालणारं हे रसायन वैद्यकाने मात्र अनेकदा सरसकट वापरलं. आधी ‘प्रत्येक स्त्रीने घ्यावं’ असं सांगितलं गेलं, नंतर ‘कुणीच घेऊ नये’ असं. माझ्या मते गेल्या ऐंशी वर्षांतलं बरंचसं नुकसान या दोन सरसकट उत्तरांनी केलं आहे. कुणाला, कोणत्या वयात, किती, कोणत्या मार्गाने आणि कशासोबत, हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय इस्ट्रोजेनबद्दल काहीही बोलण्यात अर्थ नाही.

हे संप्रेरक पाळी, गर्भाशय आणि स्तन एवढ्यापुरतंच आहे, अशी समजूत अजून घट्ट आहे. शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्राडिओल प्राण्यांना टोचून ते कुठे जाऊन थांबतं ते पाहिलं आणि त्याला पेशीत पकडून ठेवणारं ग्राही प्रथिन सापडलं. पुढे १९९६मध्ये स्वीडनमधल्या चमूला दुसरं ग्राही सापडलं. आता आपल्याला माहीत आहे की हाडं, रक्तवाहिन्या, यकृत, मेंदू, त्वचा, मूत्रमार्ग अशा बहुतेक ठिकाणी ही ग्राही प्रथिनं असतात. म्हणूनच पाळी जाताना बायका ज्या तक्रारी सांगतात त्या शरीरभर पसरलेल्या असतात: अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने कपडे भिजतात, झोप उडते, सांधे धरतात, लघवीला जळजळ होते, संबंधाच्या वेळी दुखतं. बाईने एवढी मोठी यादी वाचली की घरचे आणि कधीकधी डॉक्टरही ‘मनाचे खेळ’ म्हणून ती बाजूला सारतात. वाफांमागची यंत्रणा तर आता बरीच स्पष्ट झाली आहे. इस्ट्रोजेन उतरलं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी बेलगाम होतात आणि शेजारचं तापमान-नियंत्रण बिघडवतात. त्याच पेशींचा संदेश अडवणारं फेझोलिनेटंट हे संप्रेरकविरहित औषध २०२३मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

हाडांची गोष्ट यापेक्षा गंभीर आहे, कारण ती मुकाट्याने घडते. हाड सतत झिजत आणि भरत असतं. झीज करणाऱ्या पेशींना आवर घालण्याचं काम इस्ट्रोजेन करतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मणक्याच्या हाडाची घनता वर्षाला दोन-तीन टक्क्यांनी घटू शकते. त्याचं दुखणं जाणवत नाही. जाणवतं ते एकदम, मनगट किंवा खुबा मोडल्यावर.

पुरुषांचा इथे काय संबंध, याचं उत्तर एका रुग्णाने दिलं. १९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अठ्ठावीस वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. उंची २०४ सेंटिमीटर, आणि अजून वाढतच होती. टेस्टोस्टेरॉन उत्तम, दाढीमिशा व्यवस्थित, पण क्ष-किरण चित्रात हाडांचं वय पंधरा वर्षांच्या मुलाचं दिसत होतं. हाडांच्या टोकांच्या वाढीच्या चकत्या मिटल्याच नव्हत्या आणि हाडं म्हाताऱ्यासारखी ठिसूळ झाली होती. त्याच्या इस्ट्रोजेन-ग्राहीच्या जनुकात दोष होता. शरीरात इस्ट्रोजेन होतं, पण पेशींना ते ऐकूच येत नव्हतं. या एका माणसाने पाठ्यपुस्तकं बदलली: मुलांच्या हाडांची वाढ थांबवणारं आणि पुरुषांची हाडं भक्कम ठेवणारं संप्रेरकही मुख्यतः इस्ट्रोजेनच असतं. पुरुषाच्या शरीरात ॲरोमॅटेज नावाचं विकर टेस्टोस्टेरॉनपासून ते तयार करतं. साठीतल्या पुरुषाच्या रक्तात सहसा त्याच वयाच्या स्त्रीपेक्षा जास्त इस्ट्राडिओल असतं. ‘स्त्री संप्रेरक’ हे नाव त्यामुळे अपुरं आहे.

औषध म्हणून इस्ट्रोजेनची खरी चलती सुरू झाली ती १९४२मध्ये अमेरिकेत प्रीमॅरिन ही गोळी आल्यावर. गाभण घोडींच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनांचं ते मिश्रण होतं. वाफा थांबत, झोप लागे, बायकांना बरं वाटे, यात काही खोटं नव्हतं. पण १९६६मध्ये न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ हे पुस्तक लिहिलं आणि रजोनिवृत्ती हा उणिवेचा आजार ठरवून टाकला. तरुण दिसायचं तर इस्ट्रोजेन घ्या, असा तो प्रचार होता. १९७५ साली त्याची किंमत कळली. केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या, गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी जास्त आढळला. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन ते आवरतं. हे माहीत असूनही पहिलं एकटंच दिलं गेलं होतं. तेव्हापासून नियम झाला की गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्या जातीचं औषध हवंच.

त्याहून दारुण प्रकरण डायएथिलस्टिलबेस्ट्रॉलचं. इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी १९३८मध्ये बनवलेलं हे स्वस्त कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टळावा म्हणून लाखो गरोदर स्त्रियांना दिलं गेलं. शिकागोतल्या १९५३च्या चाचणीत त्याचा गर्भपात रोखायला काही उपयोग नाही हे दिसलं, तरी ते देणं चालूच राहिलं. मग १९७१मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी आठ तरुण मुलींमधल्या योनिमार्गाच्या अत्यंत दुर्मीळ कर्करोगाची नोंद केली. त्यांतल्या सात जणींच्या आयांनी गरोदरपणात हे औषध घेतलं होतं. उपयोग नाही हे सिद्ध झाल्यावरही अठरा वर्षं औषध चालू राहतं, हे मला त्या औषधाच्या विषारीपणापेक्षाही भयंकर वाटतं.

त्यानंतर आली ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ ही अमेरिकेतली महाचाचणी. आजही कुठल्याही दवाखान्यात ‘हार्मोन्स नकोत, कॅन्सर होतो’ हे वाक्य ऐकू येतं त्याचा उगम इथे आहे, म्हणून तिच्याकडे नीट पाहायला हवं. गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी निम्म्यांना प्रीमॅरिन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. जुलै २००२मध्ये चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवली गेली आणि बातमी झाली: स्तनाचा कर्करोग सव्वीस टक्क्यांनी वाढला. हा आकडा खरा होता. तो असा आला: खोटी गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला तीस जणींना कर्करोग झाला, औषध घेणाऱ्या दहा हजारांत अडतीस जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जणी जास्त. हृदयविकार सात जणींना जास्त, पक्षाघात आठ जणींना जास्त. उलट खुब्याचे अस्थिभंग पाचने कमी, मोठ्या आतड्याचे कर्करोग सहाने कमी. आठ जणींचं दुखणं छोटं नाही. पण रात्रभर झोप नसलेल्या पन्नाशीच्या बाईला हा आकडा समोर ठेवून निर्णय घेता आला असता. ‘सव्वीस टक्के’ ऐकून तिला फक्त घाबरता आलं.

दुसरी गोष्ट वयाची. या चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं आणि तीनपैकी दोघी साठी ओलांडलेल्या. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झाल्यावर, रक्तवाहिन्यांत चरबीचे थर बसल्यावर दिलेलं इस्ट्रोजेन आणि पाळी जाता जाताच दिलेलं इस्ट्रोजेन यांचा परिणाम वेगळा असतो, हे पुढच्या विश्लेषणांतून आणि वेगळ्या चाचण्यांतून दिसत गेलं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केल्यास हृदयाचा धोका वाढताना दिसत नाही. पासष्टीनंतर सुरू केलेल्या स्त्रियांमध्ये मात्र याच प्रकल्पात स्मृतिभ्रंश वाढलेला आढळला. त्यामुळे ‘मेंदूसाठी’ म्हणून उतारवयात हे औषध सुरू करण्याला आधार नाही. तिसरी गोष्ट सर्वांत कमी बोलली गेली. गर्भाशय आधीच काढलेल्या १०,७३९ स्त्रियांचा वेगळा गट होता आणि त्यांना केवळ इस्ट्रोजेन दिलं गेलं. पक्षाघात वाढल्यामुळे तोही २००४मध्ये थांबवला, पण त्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाठपुराव्यात तर तो आणि त्याने होणारे मृत्यू खोट्या गोळीच्या गटापेक्षा कमी होते. म्हणजे संशयाची सुई बरीचशी सोबतच्या मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनकडे वळते.

मार्गानेही फरक पडतो. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जातं आणि रक्त गोठवणारे घटक वाढवतं. त्वचेवरच्या जेलमधून किंवा चिकटपट्टीतून दिलेलं थेट रक्तात जातं आणि फ्रेंच अभ्यासांत त्याने गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला नाही. योनिमार्गात लावायच्या मलमातून तर रक्तात फारच थोडं उतरतं. कोरडेपणा आणि वारंवार होणारा मूत्रसंसर्ग यांवर इतका साधा, इतका परिणामकारक उपाय क्वचितच असेल. तरी सत्तरीच्या आजी वर्षाला पाच-सहा वेळा प्रतिजैविकं घेतात आणि हे मलम त्यांना कुणी सुचवत नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांवरचे बहुतेक चौकटीतले इशारे काढण्याची घोषणा केली. मलमापुरता हा निर्णय वीस वर्षं उशिरा आला असं मला वाटतं. गोळ्यांच्या बाबतीत मात्र इशारे गेले म्हणून धोका गेला असं कुणी समजू नये. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्या, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, कारण न कळलेला रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीला त्या देऊ नयेत, हे आजही तसंच आहे.

आता याच रसायनाची दुसरी बाजू. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९५मध्ये स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात अंडाशयं काढली आणि गाठी आक्रसल्या. इस्ट्रोजेन हे नावही तेव्हा नव्हतं. कारण पुढे कळलं: स्तनाच्या बहुसंख्य कर्करोगांच्या पेशींवर इस्ट्रोजेन-ग्राही असतं आणि इस्ट्रोजेन हे त्यांचं खाद्य असतं. १९६२मध्ये इंग्लंडमधल्या एका औषध कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी गर्भनिरोधक म्हणून एक रेणू तयार केला. स्त्रियांत तो उलट अंडमोचनाला चालना देतो असं निघालं आणि गर्भनिरोधक म्हणून तो निकामी ठरला. तोच टॅमॉक्सिफेन. ग्राही असलेल्या कर्करोगात पाच वर्षं घेतल्यास त्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. स्तनात तो इस्ट्रोजेनला अडवतो, हाडात मात्र इस्ट्रोजेनसारखा वागून हाड राखतो आणि गर्भाशयाच्या अस्तरातही तसाच वागून तिथे कर्करोगाचा धोका थोडा वाढवतो. पाळी गेलेल्या स्त्रियांत त्याच्याऐवजी किंवा त्याच्यानंतर ॲरोमॅटेज रोखणारी लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल ही औषधं देतात. भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत सुमारे तीस टक्के गाठी ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणजे ग्राही नसलेल्या असतात. त्यांना या औषधांचा उपयोग नाही. म्हणून गाठ काढल्यावर ग्राहीची तपासणी करून घेणं, आणि तिचा कागद जपून ठेवणं, अत्यावश्यक आहे.

पुरुषांतही इस्ट्रोजेनला औषध म्हणून मान मिळाला. शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१मध्ये ते प्रोस्टेटच्या कर्करोगात वापरलं आणि १९६६मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

टॅमॉक्सिफेनचा एक सख्खा नातेवाईक आपल्या देशात जन्मला. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत नित्या आनंद यांच्या चमूने सेंटक्रोमॅन शोधलं आणि १९९१मध्ये ‘सहेली’ या नावाने ते बाजारात आलं. ते स्वतः इस्ट्रोजेन नाही. गर्भाशयातल्या इस्ट्रोजेन-ग्राहीवर बसून ते गर्भ रुजू देत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्याला एक गोळी. २०१६पासून सरकारी केंद्रांत ती ‘छाया’ नावाने मोफत मिळते. इतकं अस्सल भारतीय संशोधन आणि त्याबद्दल इतकी कमी चर्चा, याचं वाईट वाटतं.

नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांत मात्र इस्ट्रोजेन असतं. १९६०मध्ये अमेरिकेत आलेल्या पहिल्या गोळीत दीडशे मायक्रोग्रॅम मेस्ट्रॅनॉल होतं. आपल्या ‘माला-डी’ आणि ‘माला-एन’मध्ये तीस मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडिओल आहे. रक्ताच्या गुठळीचा धोका त्यामुळे बराच उतरला. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला एक ते पाच जणींना गुठळी होते, गोळी घेणाऱ्यांत तीन ते नऊ जणींना, आणि गरोदरपणात पाच ते वीस जणींना. पस्तिशीपुढे धूम्रपान करणाऱ्या, रक्तदाब असलेल्या किंवा डोळ्यांपुढे चमचम होऊन अर्धशिशी उठणाऱ्या स्त्रीने ती टाळावी. बाकीच्यांना ती अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगापासून काही प्रमाणात संरक्षणही देते.

याच गोळ्या आपल्याकडे कितीतरी पारलिंगी स्त्रिया औषधाच्या दुकानातून परस्पर घेतात. शरीर लवकर बदलावं म्हणून दिवसाला दोन, तीन, चार. डॉक्टरकडे गेलं तर टवाळी होईल ही भीती त्यांच्या मनात असते. एथिनिल इस्ट्राडिओलची इतकी मात्रा म्हणजे गुठळीला आमंत्रण. त्यांच्यासाठी इस्ट्राडिओल हे जास्त सुरक्षित औषध आहे, रक्त तपासून मात्रा ठरवण्याची पद्धत आहे. सार्वजनिक रुग्णालयांत ही सोय आदराने उपलब्ध करणं एवढंच काम उरतं.

सोयाबीनबद्दल थोडक्यात. त्यातली वनस्पतिज इस्ट्रोजेनं फार सौम्य असतात. रोजच्या आहारातल्या सोयाने मुलांना स्तन येत नाहीत आणि बाईला कर्करोग होत नाही. वाफा थांबवण्याची त्यांची ताकदही तितकीच माफक.

महाराष्ट्राचा विचार करताना मला मात्र सगळ्यांत आधी आठवतात त्या ऊसतोड करणाऱ्या बायका. बीड जिल्ह्यातून दरवर्षी नवरा-बायकोचा ‘कोयता’ उचल घेऊन कारखान्याच्या फडावर जातो. पाळीमुळे किंवा पोटदुखीमुळे दिवस बुडाला तर खाडा, आणि खाड्याला दंड. फडावर संडास नाही, पाणी नाही, त्यामुळे अंगावरून जाणं आणि संसर्ग ठरलेला. डॉक्टर सांगतो, ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका.’ २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे सहांमागे एक. त्यांत पंचविशी-तिशीतल्याही होत्या.

चर्चा गर्भाशयावर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण इस्ट्रोजेन गर्भाशयात बनत नाही, अंडाशयात बनतं. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं काढली तर तीस वर्षांची बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावरच रजोनिवृत्त होते. नैसर्गिकपणे पाळी जाताना इस्ट्रोजेन काही वर्षांत हळूहळू उतरतं, इथे ते दिवसांत कोसळतं. अंडाशयं ठेवली तरीही ती सरासरीपेक्षा काही वर्षं आधी थकतात. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय मुळात सेहेचाळीस-सत्तेचाळीस, पाश्चात्त्य देशांत एक्कावन. त्यातूनही वीस वर्षं वजा झाली तर हाडं, हृदय आणि मेंदू यांचं संरक्षण तितकी वर्षं आधी जातं. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं गेलेल्या आणि इस्ट्रोजेन न मिळालेल्या स्त्रियांत हृदयविकार, अस्थिभंग आणि अकाली मृत्यू जास्त असल्याचं अमेरिकेतल्या दीर्घ अभ्यासांत दिसलं आहे. ही बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. कंबर गेली, गुडघे गेले म्हणून तिला वेदनाशामक गोळ्या मिळतात.

बीडमध्ये आता खासगी रुग्णालयाला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी लागते, आणि एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांना लागू करायला सांगितली. हे पुढच्या शस्त्रक्रियांसाठी. ज्यांची झाली त्यांच्यासाठी काय? बहुतेकींना आपली अंडाशयं आत आहेत की नाहीत हेच माहीत नसतं. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरी अक्षरात ‘टीएएच’, म्हणजे पोटातून गर्भाशय काढलं, एवढंच असेल तर ती ठेवलेली असण्याची शक्यता आहे. पुढे ‘बीएसओ’ असेल तर दोन्ही अंडाशयं गेली. कार्ड हरवलं असेल तर साधी सोनोग्राफी आणि रक्तातल्या एफएसएच या संप्रेरकाची तपासणी पुरते. अंडाशयं गेलेल्या तरुण बाईला, वर सांगितलेली मनाई नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देणं ही जगभरची मान्य पद्धत आहे. गर्भाशय नसल्यामुळे तिला सोबतच्या प्रोजेस्टेरॉनचीही गरज नाही. म्हणजे महाचाचणीत जो गट स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत सर्वांत निर्धास्त निघाला, त्याच्याशी तिची स्थिती सर्वांत जवळची. हंगाम संपून टोळ्या गावी परततात तेव्हा, उन्हाळ्याच्या त्या दोन-तीन महिन्यांत, आशाताईंनी घरोघरी जाऊन ही कार्डं तपासावीत आणि ‘बीएसओ’ लिहिलेल्या प्रत्येक बाईला ग्रामीण रुग्णालयात हाडांच्या तपासणीसाठी आणि इस्ट्रोजेनच्या सल्ल्यासाठी पाठवावं. जिल्ह्याची यादी २०१९पासून सरकारकडे आहे.